मिठाच्या मोटारीला पाणी

सिरोंच्याच्या रस्त्याने तुम्ही कधी गेला नसाल, तर आधीच सांगून ठेवते, बसमध्ये मागच्या सीटवर बसू नका. आम्ही बसलो. माझी भावजय कौशल्या अजून कंबर धरून चालते आणि नागभीडभर सांगत फिरते, "बाईनं मले या वयात उड्या मारायले शिकवलं." तिची बाई म्हणजे मी, तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. सत्तरी ओलांडली आहे. शाळा फार झाली नाही, वाचायला शिकले ती किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. म्हणून लिहिण्यात कुठे बोलल्यासारखं वाटलं तर तसंच वाचा.

चंद्रपूर

चंद्रपूरला मी डोळ्यासाठी गेले होते. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याची पट्टी सुटली, डॉक्टरीण म्हणाली आता सगळं बघा, फक्त चोळू नका. दवाखान्यातून निघालो तर शेजारच्या सभागृहावर कापडी फलक, जुन्या मोटारींच्या छायाचित्रांचं प्रदर्शन. आत पंखे होते. कौशल्या म्हणाली, जरा बसू. आम्ही पंख्यासाठी गेलो, हे खरं आहे ते सांगते.

पण नवा डोळा आणि भिंतीभर एवढे मोठे फोटो, मी काही बसले नाही. टपाल नेणारी मोटार, तिच्या छतावर बांधलेल्या पिशव्या. सोडावॉटरच्या बाटल्या घरोघर पोचवणारी गाडी, तिचा ड्रायव्हर लग्नातल्या नवरदेवासारखा ताठ. युद्धाच्या वेळची कोळशावर चालणारी बस, मागे भलामोठा बंब लावलेला. पुढे हँडल घालून मोटार सुरू करणारा एक माणूस, त्याचं धोतर वाऱ्याने फुगलेलं. दोन होड्या एकमेकींना बांधून त्यांच्यावर चढवलेली लारी, नदीच्या मधोमध. आणि त्याच्या पुढच्या फोटोत माझी माय.

मी कौशल्येला हाक मारली. ती म्हणाली, "काय झालं, डोळा दुखून राह्यला का?"

फोटोत जंगलातला रस्ता होता. पोत्यांनी भरलेली लारी उभी, तिच्या नाकाडातून पांढरं काहीतरी वर चाललेलं. मागे एक मोठा दगड, बसलेल्या बैलासारखा. आणि लारीपासून चांगली दूर एक तरुण बाई, दोन्ही हात वर करून लांब बांबू धरलेली. बांबूचं दुसरं टोक मोटारीच्या नाकाडावर टेकलेलं. हनुवटीवर गोंदणाचे टिपके, एका पायावर भार टाकून उभं राहायची ती रीत. म्हातारपणीही माय चुलीपुढून उठली की तशीच उभी राहायची.

खाली चिठ्ठी होती. 'मोटारीची पूजा करणारी वनवासी स्त्री.'

माझी माय वनवासी नव्हती. आम्ही छप्पन सालाच्या दीक्षेतले बौद्ध, त्याआधी लोक आम्हाला काय म्हणत ते सांगायची गरज नाही. आणि पूजा तिने मोटारीची तर सोडाच, कोणाचीच फारशी केली नाही. ती मोटारीला पाणी पाजायची. लहानपणी आम्ही हे एवढ्या वेळा ऐकलं होतं की पाठ होतं. तिच्या गावाला, कोसमटोल्याला, मिठाची मोटार यायची. बैलगोट्यापाशी, त्या बैलासारख्या दगडापाशी, आली की तापून दम टाकायची, नाकातोंडातून वाफ काढायची. माय झऱ्याचं पाणी घेऊन उभीच असायची. "पाणी पाजलं की मोटार ढेकर द्यायची आणि उठून चालू लागायची," असं सांगून माय स्वतः ढेकर काढून दाखवायची. आम्ही लोळून हसायचो. एखाद्याने हत्ती पाळला असावा तसा तिचा तो थाट.

फोटो जमवणारे गृहस्थ तिथेच खुर्चीवर होते. प्रभाकरराव, नोकरीतून निवृत्त झालेले इंजिनीअर, सगळी हौस जुन्या मोटारींची. माणूस चांगला. मला पाणी दिलं, बसवलं, सगळं ऐकून घेतलं.

"हा अल्बम मला नागपूरच्या रद्दीत मिळाला," ते म्हणाले. "मागे काहीच लिहिलेलं नाही. धूर दिसतोय, हात वर आहेत, म्हणून मी पूजा समजलो."

"धूर नाही तो, वाफ आहे. तापली आहे मोटार."

"बरं. मग हातातला बांबू?"

मी ठसक्यात सांगितलं, "कावड आहे. पाणी आणलं ना झऱ्यावरून."

ते हसले नाहीत, पण म्हणाले, "कावड खांद्यावर असते, बाई. अशी हात वर करून, टोक मोटारीला लावून कोण धरतं? आणि घागर कुठे आहे?"

घागर नव्हती.  माझी माय मला ओळखू येते हे त्यांनी मानलं, पण ती काय करते आहे हे मलाच सांगता येईना. ते म्हणाले, प्रदर्शन इथून नागपूरला जाईल आणि हेच फोटो पुस्तकात छापायचे आहेत. "पुस्तक छापायला जायच्या आत काही पक्कं कळलं तर मी बदलतो. जागा सापडली, बघितलेलं माणूस सापडलं, तरी चालेल. एकदा छापलं की मात्र ते तसंच राहील."

त्यांनी फोटोची एक प्रत दिली. बाहेर आल्यावर कौशल्येने विचारलं, "आता नागभीडची गाडी कितीची हाये?"

मी म्हणाले, "आपण आलापल्लीला चाललो. मायचं गाव तिकडंच आहे."

"डोळ्याचे थेंब कोण टाकीन तुमच्या?"

"तू."

आलापल्ली

आमच्या नागभीडकडे चहूबाजूंनी धानाच्या बांध्या, नजर सरळ जाते. गोंडपिपरी सोडून आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की जंगल जवळ येऊ लागतं आणि आलापल्लीजवळ तर सागाचे बुंधे एवढे सरळ, एवढे उंच की कौशल्या खिडकीतून मान वर करकरून थकली. पुलावरून जाताना मला होड्यांवरची ती लारी आठवली. तेव्हा पूल नव्हता तर मीठ असं नदीवर तरंगत आलं असेल.

आलापल्लीत मुक्काम केला. खानावळीत भात, अंबाडीची भाजी आणि मिरचीचा ठेचा. भाजीला मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल होतं. आमच्याकडे आता ते कोणी खात नाही, पण वास आला आणि मला मायच्या हाताची आठवण झाली. कौशल्येला नाही आवडलं. तिने घरून आणलेला लाडवांचा डबा काढला, आणि तो ठेवला कशावर, तर फोटोच्या पाकिटावर. तुपाचा डाग फोटोच्या कोपऱ्यावर आला. मी तिच्याकडे बघितलं.

"मोटारीच्या चाकावर हाये," ती म्हणाली. "सासूबाईवर नाई पडला. वंगण लागलं समजा."

खानावळवाल्याला मी फोटो दाखवला. त्याने लाकडाच्या ट्रक चालवणाऱ्या दोघांना बोलावलं. ते तिघेही मोटारीतच अडकले, चाकाचे लाकडी आरे मोजत बसले. बैलगोटा कोणालाच माहीत नव्हता. पण एक जण म्हणाला, सिरोंच्याच्या रस्त्याने गेलात तर कोसमटोल्याचा फाटा आहे, फक्त बस फाट्यावर सोडते, पुढं चालावं लागते, आणि मागं बसू नका.

हे शेवटचं आम्ही मनावर घेतलं नाही.

कोसमटोला

फाट्यावर उतरलो तेव्हा कौशल्या देवाचं नाव घेत होती, आणि आमच्या घरात देव नाही. फाट्यापासून लाल मातीची वाट. धान कापून झालं होतं, खळ्यांवर पेंढीचे ढीग, मधेमधे कोंबड्या. चालता चालता वाटेला एक वळण आलं, आणि वळणावर तो दगड.

मी पाकीट काढून फोटो धरला. दगडाचं वशिंड, खाली मान घातलेलं डोकं, सगळं तसंच. फक्त त्याच्या पाठीवर आता पिंपळाचं रोप उगवलं होतं. खाली उतारावर झरा होता, त्याला आता सिमेंटचा कठडा बांधलेला. कौशल्या झऱ्यावर बसली, पाय पाण्यात सोडले आणि म्हणाली, "जागा भेटली. चला आता."

"जागा भेटली. बघितलेलं माणूस भेटायचं आहे."

झऱ्यावर एक सून पाणी भरत होती. सरिता तिचं नाव. तिने आमची चौकशी केली ती अशी, "जेवल्या का?" आमच्याकडे नवा माणूस भेटला की आधी आडनाव विचारतात, आणि आडनाव कळलं की पुढचं बोलणं कसं होईल तेही ठरून जातं. इथे मी वाट बघत राहिले, पण ते विचारलंच नाही कोणी. तिच्या घरी नेलं, लोटाभर पाणी दिलं, पानावर भात आणि चिंचेचं सार वाढलं. मग तिची आजेसासू बाहेर आली, पोचक्का. गोंड घरातली, नव्वदीला आलेली, बोलणं तेलुगू, गोंडी आणि मराठी एकत्र कालवलेलं. काही मला कळायचं, नाही कळलं ते सरिता सांगायची.

फोटो तिच्या हातात दिला. तिने तो डोळ्याजवळ नेला, लांब नेला, परत जवळ आणला. मग बोटाने मायच्या हनुवटीवर टिचकी मारली.

"भागक्का," ती म्हणाली.

मायचं नाव भागरथा होतं. मी ते नाव तिथे कोणाला सांगितलं नव्हतं.

 कौशल्येने विचारलं, "मावशी, ही काय करून राह्यली जी?"

"नीळू," पोचक्का म्हणाली, म्हणजे पाणी. "गाडीले पाणी."

"आन् हा बांबू?"

म्हातारीने आमच्याकडे बघितलं, बांबू म्हणजे काय असंच आम्ही विचारल्यासारखं. मग उठली. कुडासाठी रचून ठेवलेल्या बांबूंतून सरितेला एक पोकळ, हाताच्या मनगटाएवढा जाड काढायला लावला. सरितेने सळई घालून आतल्या गाठी ठोकून फोडल्या, शेवटची तेवढी ठेवली. झऱ्यावर नेऊन तो भरला, तोंड वर धरून आणला. त्यात दोन-तीन लोटे तरी पाणी मावलं असेल. म्हातारीने कौशल्येला अंगणाच्या मधोमध उभं केलं.

"तू गाडी."

"मी काऊन गाडी? बाईले करा."

"बाई जाड नाई," म्हातारी म्हणाली. सरिता हसून खाली बसली.

मग पोचक्काने बांबूचं तोंड कौशल्येच्या खांद्याला टेकवलं, मागे मागे सरकली, बांबूचं मागचं टोक दोन्ही हातांनी उचलत उचलत डोक्याच्या वर नेलं. एका पायावर भार, मान थोडी मागे. भक् भक् भक् करत पाणी आलं आणि कौशल्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत भिजली. आम्ही सगळ्या हसत होतो, कौशल्या सर्वांत जास्त. मी मोबाईल काढून फोटो घेतला. तो आणि हातातला जुना फोटो शेजारी धरले. एकच उभं राहणं होतं. पूजा नव्हती आणि कावडही नव्हती. प्रभाकररावांची चूक होती तशी माझीही होती.

कौशल्या पदर पिळत म्हणाली, "पर मावशी, एवढ्या दुरून काऊन? जवळ जाऊन घागरीनं टाकलं असतं तर किती सोपं होतं. हात भरून येत असन तिचे."

पोचक्का बांबू भिंतीला टेकवत होती. तिने मागे न बघताच सांगितलं. सरितेने मराठी केलं, पण तोपर्यंत मला अर्धं कळलं होतं.

"तिचा हात गाडीले लागला असता तर मीठ बाटलं असतं म्हणे. मिठाचा शेठ मंग ते उतरवून घेत नोता. म्हणून डायवरनंच तो बांबू कापून दिला. भागक्काचा बांबू वेगळाच ठेवत, झाडाले टांगून."

 कोंबड्या सांडलेल्या पाण्याशी आल्या.

"आन् मीठ?" मी विचारलं. "मग ते मीठ कोण खायचं?"

"सगळेच खात," म्हातारी म्हणाली. "दुसरं कुठलं होतं?"

मायने हे कधी सांगितलं नाही. झरा सांगितला, दगड सांगितला, ढेकर तर काढून दाखवली. बांबू तेवढा गाळला. तिने किती वेळा ती गोष्ट सांगितली असेल, आणि दर वेळी तिथे येऊन तो बांबू बाजूला ठेवून पुढे गेली असेल. आम्ही हसावं म्हणून.

निघताना पोचक्काने माझे दोन्ही हात हातात घेतले, दाबून बघितले, आणि तेलुगूत काही म्हणाली. सरिता म्हणाली, "म्हणते, हात तिच्यासारखेच हायेत."

परतीची बस

या वेळी पुढची सीट मिळवली.  गोंडपिपरी मागे पडल्यावर कौशल्येने विषय काढला.

"बाई, एक म्हणू का? पूजाच राहू द्या."

"काय म्हणालीस?"

"पूजा करते असंच छापू द्या. बरं तरी दिसते. लोक म्हणतीन, भोळी होती. नाईतर आपल्या पोरापोरींनी वाचायचं का, आपल्या आजीचा हात लागला तर मीठ बाटत होतं? माझा नातू त्या मोठ्या शाळेत जाते. त्याच्या वर्गातल्यांनी वाचायचं?"

तिचं चूक नव्हतं. मी तिच्यावर रागावले नाही. मायनेही तेच केलं होतं की, फक्त पूजा न म्हणता ढेकर म्हटलं होतं.

"कौशल्या," मी म्हणाले, "मायनं गाळलं ते तिनं आपल्यासाठी गाळलं. तिची गोष्ट, तिचा हक्क. पण त्या फोटोत तो बांबू आहे. तो काही गाळता येत नाही. तो तिथे राहणारच, पुस्तक उघडणारे सगळे बघणार. मग त्याला पूजेची काठी म्हणायचं का, की ज्यानं कापला, ज्यासाठी कापला ते म्हणायचं?"

"पण बाई, लाज."

"लाज आहेच. आपली नाही."

 तिने डोळ्यात टाकायचे थेंब काढले, माझी हनुवटी वर धरली आणि धावत्या बसमध्ये अर्धे डोळ्यात, अर्धे गालावर टाकले. 

पुन्हा चंद्रपूर

सभागृहात फोटो उतरवायचं काम सुरू व्हायचं होतं, तरी बघणारे होते. प्रभाकरराव खुर्चीवरून उठून पुढे आले. मी त्यांना दगडाचा फोटो दाखवला, झऱ्याचा दाखवला, पोचक्काचा बांबू धरलेला दाखवला आणि भिजलेल्या कौशल्येचाही. ते भिंतीवरच्या फोटोपाशी गेले, माझा मोबाईल त्याच्या शेजारी धरून बराच वेळ बघत राहिले.

"रेडिएटरमध्ये पाणी," ते स्वतःशी म्हणाले. "मी मोटारींवर आयुष्य काढलं. वाफ मला ओळखू आली नाही."

"मलाही बांबू नाही ओळखता आला, भाऊ."

मग मी दूर उभं राहण्याचं कारण सांगितलं. ते खाली बसले. कागद घेतला. म्हणाले, तुम्ही सांगा, मी लिहितो. मी सांगत गेले, ते लिहीत गेले, आणि शेवटच्या ओळीला त्यांचा पेन थांबला.

"हे शेवटचं गाळू का?" त्यांनी फार सौम्यपणे विचारलं. "नाव राहील, गाव राहील, पाणी देते आहे हेही राहील. पुस्तक मोटारींचं आहे, म्हणून म्हणतो."

"मोटारीचंच आहे ते वाक्य," मी म्हणाले. "मोटार पुढे कशी गेली ते त्यात आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग लिहिलं. ती चिठ्ठी त्यांनी तिथल्या तिथे जुनीवर चिकटवली आणि पुस्तकातही हीच जाईल असं मला सांगितलं. मी ती नव्या डोळ्याने वाचली, एकेक अक्षर:

'मिठाची लारी, कोसमटोला. तापलेल्या मोटारीला झऱ्याचे पाणी देत असलेल्या भागरथाबाई. त्यांचा स्पर्श मोटारीला होऊ नये म्हणून त्यांना लांब बांबू वापरायला लावत.'

माझं काम झालं होतं. मी कौशल्येला शोधायला वळले, तर ती पंख्याखाली नव्हती. ती फोटोसमोर उभी होती. शेजारी कॉलेजातल्या दोन मुली आणि त्यांचे वडील असावेत असे एक गृहस्थ. ते चिठ्ठी वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून परत फोटोकडे बघितलं, मुलींना म्हणाले, "स्पर्श होऊ नये म्हणजे? मोटारीला?"

मी पुढे झाले. पण कौशल्या माझ्याआधी बोलली. पदर नीट केला, आणि लग्नात पाहुण्याला ओळख करून देतात तसा हात फोटोकडे केला.

"ही माही सासू," ती म्हणाली. "या, इथून पाहा. तो बांबू दिसते का? मी सांगते तुमाले, तो काऊन होता."